दगडावरची बायको

दगड ट्रॉलीतून उतरवायला अर्धा गाव लागला, आणि उरलेला अर्धा गाव तो कसा उतरवावा हे सांगायला लागला. काळा, गुळगुळीत, माणसाच्या उंचीचा दगड. कुणाच्या पायावर पडला नाही हे नशीब, कारण खाली सगळे सल्लागारांचेच पाय होते. चौकात ओटा बांधून तयार होता. त्यावर दगड उभा राहिला, पाथरवटानं ओल्या फडक्यानं त्याच्यावरची धूळ पुसली, आणि सोनेरी रंग भरलेली अक्षरं उन्हात चमकायला लागली.

पुढारी कमरेवर हात ठेवून बघत होता. कमरेवर हात ठेवून दिवसभर काम करणारा आणि संध्याकाळी त्यानंच दमणारा आमच्या गावात तो एकटा माणूस. त्यानं मास्तरांना मोठ्यानं वाचायला सांगितलं. मास्तरांनी चष्मा चढवला, घसा खाकरला आणि वर्गात वाचतात तसं वाचलं:

रणी देह ठेवुनी गेला, अमर जाहला वीर
उंबरठ्यावर उभी पत्नी, नयनी नाही नीर

टाळ्या पडल्या. ज्यांना ऐकू आलं नाही त्यांनी जास्त जोरात वाजवल्या. त्या टाळ्यांमधून मागून एक बाईचा आवाज आला.

"कुणाची पत्नी?"

सश्याची आई होती. शेतावरून सरळ आली होती, हातात खुरपं, पायाला घोट्यापर्यंत वाळलेला चिखल. दगड तिच्याच पोरासाठी होता. लढाईत आमच्या गावचा तो एकच गेला. त्याचं खरं नाव हजेरी घेताना मास्तर घ्यायचे तेवढंच. बाकी सगळ्या गावाला तो सश्या. कारण लहानपणापासून तो पळायचाच. कुत्रं भुंकलं की पळायचा, ढग गडगडला की गोठ्यात गव्हाणीखाली जाऊन बसायचा. घूस दिसली म्हणून एकदा भर जेवणातून ताट घेऊन झाडावर चढला होता. ताट सांडलं नाही, एवढंच कौतुक.

मास्तरांनी परत एकदा वाचलं, जणू दुसऱ्या वाचनात बायको निघून जाईल. गेली नाही. मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सश्याचं लग्न झालेलं नव्हतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण कागदावरची कविता सगळ्या पंचांनी वाचली होती, मान डोलावली होती, कोरायला दिली होती आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. कविता म्हटली की आमचे लोक मान डोलवायला सुरुवात करतात. मान डोलत असली की डोकं चालत नाही.

कवीराज तिथंच होता. कवीराज म्हणजे पुढाऱ्याचा मेहुणा. शहरात राहायचा, खांद्यावर शाल घ्यायचा, उन्हाळ्यातही. त्याची ही कविता लढाई सुरू झाली त्याच आठवड्यात लिहून तयार होती. फक्त मरणारा यायचा बाकी होता. त्यानं शाल सावरली आणि सश्याच्या आईला समजावून सांगितलं, की बाई, पत्नी म्हणजे खरोखरची पत्नी नव्हे, ती एक कल्पना आहे.

"मग कल्पनेलाच उभी करा की उंबरठ्यावर," मावशी म्हणाली. गावात सगळे तिला मावशीच म्हणायचे. "माझ्या उंबरठ्यावर मी उभी असते. आई लिहा."

कवीराज म्हणाला, आई लिहिलं तर ओळ लंगडी पडते. शिवाय आईच्या डोळ्यांत पाणी नाही हे वाचणाऱ्याला पटायचं नाही.

"पटायला काय? हे बघा, नाही पाणी," मावशी म्हणाली आणि डोळे ताणून त्याच्यापुढं उभी राहिली. खरंच नव्हतं. पोराची पेटी आल्यापासून कुणी ते पाहिलं नव्हतं. "बरं, आणि त्याचं नाव कुठं आहे?"

नाव वृत्तात बसत नव्हतं, असं कवीराजानं सांगितलं.

"पलटणीत बसलं ते पोरगं. तुमच्या वृत्तात बसलं नाही?"

कुणीतरी फिसकन हसलं. पुढाऱ्यानं मागं वळून बघितलं तसं ते हसू खोकल्यात गेलं. मग सगळे पाथरवटाच्या मागं लागले, की बायको खोडून आई करून दे. पाथरवट बिडी शिलगावून ट्रॉलीला टेकला होता. तो म्हणाला, अक्षर आत गेलं ते गेलं, दगडाला खोडरबर नसतं. अख्खं तोंड तासून काढायचं तर दगड परत न्यावा लागेल, आणि तुमचे पाहुणे तर पुढच्या आठवड्यात येणार. पाहुणे म्हणजे मोठे साहेब होते, पलटणीतलेच, छातीवर बिल्ल्यांची रांग असलेले. त्यांची तारीख मिळवायला पुढाऱ्यानं वर्ष घालवलं होतं. दगड काय, त्यांच्यासाठी त्यानं डोंगर उभा केला असता.

त्या संध्याकाळी पुढाऱ्याच्या पडवीत बैठक बसली. अशा बैठकीत आमचं गाव फार हुशार होतं. दगड बदलता येत नाही, तारीख बदलता येत नाही, कवीराज तर मुळीच बदलता येत नाही. राहिला कोण? सश्या. तो काही बोलायला येणार नव्हता. तेव्हा सश्याचंच ठरलेलं होतं असं म्हणायचं, असा ठराव झाला. लग्न झालं नव्हतं, पण बोलणी झाली होती. म्हणजे जवळजवळ पत्नीच. एक मुलगी दगडाशेजारी उभी राहील, डोळ्यांत पाणी न आणता, आणि कविता खरी होईल.

मुलगी शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याच पडवीच्या कोपऱ्यात शिंप्याचं मशीन होतं. पुढाऱ्यानं जागा दिली म्हणून तो तिथं बसायचा, आणि जागा दिली म्हणून पुढाऱ्याच्या घरातले परकर, पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायचा. त्याची थोरली लेक वयात आलेली होती, सश्याबरोबर शाळेत होती. शिंपी खाली मान घालून टीप मारत होता, त्याला सांगितलं. सुई थांबली. पुढारी म्हणाला, पोरीला केवढा मान मिळेल, साहेब तिच्यापुढं टोपी काढतील. शिंप्याला बोलायची सवयच नव्हती. तोंडात कायम टाचण्या.

दुसऱ्या दिवसापासून गावाला आठवायला लागलं. न्हाव्याला आठवलं की सश्यानं दाढी करताना एकदा त्या पोरीचं नाव काढलं होतं. सश्याला दाढी अजून यायची होती, तो भाग सोडून द्या. दुकानदाराला आठवलं की तिच्यासाठी रिबीन घेऊन गेला होता. मास्तरांना तर दोघांचा बाकच आठवला. जे पोरगं जिवंत असताना कुणाला धड दिसायचं नाही, त्याचं प्रेमप्रकरण अख्ख्या गावानं डोळ्यांनी बघितलं होतं. याला हे लोक स्मरण म्हणतात. आणि मी सांगतो, आणखी महिना मिळाला असता तर त्या दोघांना पोरंही झाली असती.

इकडं शिंप्याच्या घरात आग लागली होती. पलीकडच्या गावच्या गवंड्याचं स्थळ आलेलं, मुलगा पोरीला बघून गेलेला, पोरीनंही नाही म्हटलं नव्हतं. शिंप्याची बायको नवऱ्यासारखी मुकी नव्हती. ती म्हणाली, एकदा माझी पोर त्या दगडाशेजारी उभी राहिली की जन्मभर तिथंच उभी राहणार. वीराच्या बायकोला कोण करून घेईल? आणि घेतलीच कुणी, तर गाव म्हणेल बघा, वीर मेला आणि हिनं दुसरा केला. खाटेवर बसलेल्या नवऱ्याला तिनं विचारलं, मान मिळतो म्हणतात तो काय पाळण्यात घालून हलवायचा का. शिंपी म्हणाला, मशीन कुठं ठेवू? एवढंच म्हणाला. त्या एका वाक्यात त्याचं सगळं घर होतं, तेव्हा त्याला शिव्या देणं मला जमत नाही. गावाला देतो.

पण खरी गाठ वेगळीच होती. पुढारी मावशीकडं गेला. आईनं होकार दिला की मग शिंप्याचं काय आणि गवंड्याचं काय. सून आहे असं आईच म्हणाली तर प्रश्नच मिटला. मावशी त्याला झाडूनं मारील असं आम्हाला वाटलं होतं. पुढाऱ्यालाही वाटलं असावं, कारण तो दाराबाहेरच उभा राहिला. तो म्हणाला, सून मिळेल, घरात माणूस येईल, दुखलं खुपलं बघेल. पोराच्या नावानं हाक मारायला कुणीतरी होईल.

आणि मावशीनं झाडू उचलला नाही. ती म्हणाली, "उद्या सांगते."

हे ऐकून शिंप्याच्या घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही. मी मात्र मावशीचं घर आतून बघितलेलं आहे. एक खोली. चुलीशेजारी एकच कप पालथा घातलेला. खुंटीवर सश्याचा सदरा, धुऊन, घडी मोडून परत टांगलेला. पेटी आली तेव्हा उघडायची नाही असं सांगितलं होतं. आलेल्या माणसांनी सही घेतली, पाणी प्यायले आणि उघडू नका म्हणाले. ती बाई न बघता पोराला पुरून आली. त्या दिवसापासून ती रडली नाही, आणि गायलीही नाही.

गाण्याचं सांगायला हवं. आमच्याकडं कांद्याची खुरपणी गाण्यावर चालते. बायका रांगेत बसतात, एका टोकाची बाई ओळ देते, बाकीच्या ती उचलतात आणि उचलता उचलता सगळ्यांची खुरपी एकदम मातीत जातात. ओळ संपली की सगळ्या एक हात पुढं सरकतात. मागं गवत राहत नाही, पुढं कुणी पळत नाही. ओळ द्यायचं काम मावशीचं. ती जागच्या जागी ओळ जुळवायची. कुणाची सासू, कुणाची शेळी, पुढाऱ्याचं पोट, काहीही. बायका हसत हसत वाफा उरकायच्या. पेटी आल्यापासून तिनं ओळ दिली नव्हती. दुसऱ्या कुणी द्यायला धजत नव्हतं. त्यामुळं रांग बोकडाच्या दातांसारखी झाली होती, एक पुढं, एक मागं. गवत मधेमधे उभं. वर कोरडा वारा सुटलेला, पाटाचं पाणी कमी, माती वाळून ढेकळं झालेली. गवताचं मूळ त्यात असं धरायचं की उपटताना कांदाच हातात यायचा. शेतकरी शिव्या द्यायचा, बायका ऐकून घ्यायच्या. मावशी मुकाट खुरपत राहायची.

तर संध्याकाळी मावशी शिंप्याच्या घरी गेली. शिंप्याच्या बायकोनं तिला बस म्हटलं नाही. मावशी आपली आपण बसली. पोर दिव्याजवळ काजं करत होती. मावशीनं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. बाजारात वस्तू बघतात तसं नाही. भुकेल्या माणसानं दुसऱ्याच्या ताटाकडं बघावं तसं. मग सरळ विचारलं, की उभी राहशील का.

पोर म्हणाली, "मावशी, तुम्ही म्हणालात तर राहीन. बाबांचं मशीन आहे तिथं. पण खरं सांगू? मला त्याचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही. एकच आठवतं. त्यानं मला पाटात ढकललं होतं."

"कशाला?"

"मुद्दाम नाही. मी बांधावर उभी होते. मागून एक खोंड आलं. मोकळं सुटलेलं, एवढंसंच होतं. हा त्याला बघून पळाला, मधे मी होते, मला धक्का मारून गेला. मी पाण्यात. त्यानं वळूनही बघितलं नाही."

शिंप्याची बायको म्हणाली, बघा तुमचा वीर. पोर पुढं म्हणाली, की मी वर आले तर खोंड माझ्या दप्तरातली भाकरी खात होतं. मी तशीच ओली उभी. मग थोड्या वेळानं तो परत आला. लांबून. खोंडाकडं बघत बघत. अंगातला सदरा काढून बांधावर ठेवला, पुसायला म्हणून, आणि परत पळाला. उघडाच. त्या सदऱ्याची दोन बटणं तुटली होती, ती मी लावून दिली.

मावशीच्या घशातून आवाज आला. आधी वाटलं खोकला. मग कळलं, बाई हसतेय. हसता हसता तिनं शिंप्याच्या बायकोचा हात धरला. म्हणाली, "निराळ्या रंगाची दोन बटणं. मी किती विचारलं कुणी लावली. सांगितलं नाही भित्र्यानं." आणि मग त्या हसण्याचं काय झालं ते शिंप्याच्या घरातल्यांनी बघितलं. त्यांनी ते बाहेर सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

उठताना ती पोरीला एवढंच म्हणाली, "तू तुझ्या गवंड्याकडं जा. ज्यानं वळूनही बघितलं नाही, त्याच्यासाठी दगडाशेजारी उभं राहायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी मी त्याच शेतात पाणी धरून होतो, म्हणून मला ऐकायला मिळालं. ऊन चढलं होतं. रांग नेहमीसारखी वाकडी. शिंप्याची पोरही रांगेत होती. आणि एकाएकी टोकाकडून ओळ आली:

खोंडाला भ्याला गं, बांधावरनं पळाला
शिंप्याच्या लेकीला पाण्यात ढकलून गेला

क्षणभर कुणी उचलली नाही. मेलेल्याला हसायचं असतं का, वीराला तर नाहीच नाही. बायकांनी शिंप्याच्या पोरीकडं बघितलं. तिनं मान खाली घातली आणि तिनंच उचलली. मग सगळ्यांनी. खुरपी एकदम मातीत गेली. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांना हसू आवरेना. कुणी म्हणाली घूस विसरलात मावशी, कुणी म्हणाली ताट. वर्षभर ज्याचं नाव निघालं की तोंडं पाडायची, तो सश्या त्या वाफ्यात पळत होता, उघडा, खोंडाच्या पुढं. मावशीनं पुढची ओळ दिली:

ढगाला भ्याला गं, घुशीलाही भ्याला
तोफेच्या तोंडापुढं कुणी उभा केला

ही ओळ उचलताना हसू गेलं. कुणी उभा केला ते सगळ्यांना माहीत होतं. लढाई लागली तेव्हा चौकात उभं राहून पुढाऱ्यानंच सांगितलं होतं, की गावातून एक तरी पोरगा जायला हवा, नाहीतर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्याच्या स्वतःच्या मुलाचा कान नेमका त्याच महिन्यात बिघडला. सश्या नको म्हणायला भ्याला, म्हणून गेला. धाडसानं जाणारे असतील, मला माहीत नाहीत. आमचा भीतीनं गेला. आणि तिसरी ओळ:

बंद पेटी आली गं, झाकण उघडंना
आत कोण निजलंय, कुणी मला सांगंना

रांग सरळ पुढं गेली. मागं एक काडी गवत राहिलं नाही. माझ्या वाफ्यातलं पाणी फुटून बांधावरून वाहत होतं, ते मला बरंच नंतर दिसलं.

गाणं संध्याकाळपर्यंत नळावर गेलं, नळावरून घराघरांत, आणि घरातून पुढाऱ्याच्या पडवीत. पुढाऱ्याला "कुणी उभा केला" एवढंच ऐकू आलं. तेवढं पुरलं, आणि शिंप्याची पोर उभी राहणार नाही हेही कळलं. सकाळी शिंप्याचं मशीन रस्त्यावर होतं. सुई मोडलेली, पट्टा लोंबकळत. येणारे जाणारे वळसा घालून जात होते. मावशी आली, शिंप्याच्या बायकोला हाक मारली, आणि दोघींनी ते मशीन उचलून मावशीच्या खोलीत नेलं. शिंपी मागून पाय उचलून चालला, टाचण्या तोंडात तशाच.

समारंभ झालाच. तारीख मिळालेली होती. ओट्यावर मंडप, लाल कापड, दोरी ओढली की पडदा बाजूला होईल अशी सोय. साहेब आले, बिल्ले चमकले. दगडाशेजारी उभं राहायला मुलगी नव्हती. पुढाऱ्यानं ऐनवेळी आपल्या पुतणीला विचारून बघितलं म्हणतात, तर तिच्या आईनं त्याला स्वयंपाकघरातून हाकललं. दुसऱ्याची लेक असली की मान, आपली असली की संकट. शेवटी मावशीला एकटीला वर उभं केलं आणि तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिली.

कवीराजानं शाल झटकली आणि वाचायला लागला. "उंबरठ्यावर उभी पत्नी" म्हणताना त्याचा हात सवयीनं बाजूला गेला, बायको दाखवायला. तिथं पाण्याचा माठ होता. बायकांच्या बाजूनं कुणीतरी हसलं. कोण ते अजून कळलेलं नाही, आणि कळलं तरी मी सांगणार नाही. ते हसू पसरलं. पुरुषांत आलं, पोरांत आलं. न्हावी हसला, ज्याला प्रेमप्रकरण आठवत होतं तोच. मास्तर हसू दाबताना खुर्चीसकट हलले.

साहेबांनी भुवया उंचावल्या आणि मावशीला विचारलं, पत्नी आलेली नाही का. माईक तिथंच होता.

"पत्नी नव्हती साहेब. ओळ जुळवायला आणली."

"मग घरी कोण?"

"मी. आणि तो फार भित्रा होता. तुमच्याकडं कसा टिकला तेवढं सांगा. शेवटी पळाला का? पळाला असेल तर मला बरं वाटेल."

साहेबांनी खाली बघितलं. वाटलं, आता बोलतील. त्यांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, मातेच्या भावना आम्ही समजू शकतो, आणि टाळ्या वाजवल्या. पुढाऱ्यानं वाजवल्या. मंडपानंही वाजवल्या, कारण हात तयारच होते.

तेव्हा मावशीनं माईक सोडला, ओट्याच्या पुढं आली आणि ओळ दिली. तोफेचीच. खालून सगळ्या बायकांनी उचलली. त्यांच्या हातात खुरपी नव्हती, तरी हात खाली गेले. तिन्ही ओळी झाल्या. पुढाऱ्याचं तोंड दगडाच्या रंगाचं झालं. आणि साहेब, ते कवीराजाकडं वळून म्हणाले, फार सुंदर, हेही आपलंच का? कवीराजानं शाल सावरली. "शब्द लोकांचे आहेत," तो म्हणाला, "संस्कार माझे."

दगड आमच्या चौकात फार दिवस राहिला नाही. येणारा जाणारा तिथं थांबून बायको कुठंय असं विचारायचा, आणि पोरं माठाकडं बोट दाखवायची. पुढाऱ्याला ते सहन होईना. त्याच्या सोयऱ्यांच्या गावातही एकजण लढाईत गेलेला होता, आणि त्याला खरोखरची बायको होती. एका पहाटे ट्रॉली आली, दगड गेला. एक अक्षर बदलावं लागलं नाही. नाव नव्हतंच, तेव्हा कुणालाही चालत होता. सदऱ्याला असतं तेवढंही माप नव्हतं त्याला. मोकळ्या ओट्यावर आता भाजीवाली बसते. शिंप्याची पोर गवंड्याकडं गेली. शिंपी अजून मावशीच्या खोलीत टिपा मारतो, आणि पुढाऱ्याचे अभ्रे शिवायला आले की दर दुप्पट सांगतो. बोलत नाही, बोटांनी दाखवतो.

पुढच्या खुरपणीला एक अनोळखी बाई बांधावर येऊन उभी राहिली. कडेवर मूल. बराच वेळ उभीच. रांग जवळ आली तेव्हा तिनं विचारलं, गाणं देणाऱ्या मावशी कोण. ती त्या सोयऱ्यांच्या गावची होती. दगडावरची बायको आता ती होती. तिला तिथं लोक बघायला येतात, म्हणाली. रडते का ते बघतात. रडली की म्हणतात, लिहिलंय तसं वाग.

"मला एक ओळ द्या," ती म्हणाली. "माझ्या माणसाची."

मावशीनं विचारलं, कसा होता.

"शूर होते. देशासाठी..."

"ते राहू दे. घरात कसा होता?"

बाईनं मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "घोरायचे. इतके घोरायचे की मी भांडून बाहेर जाऊन निजायचे."

"आणि आता?"

"आता झोप लागत नाही."

मावशीनं खुरप्याची माती अंगठ्यानं काढली, शेजारणीला सरकायला सांगितलं आणि बाईला रांगेत जागा करून दिली. मूल बांधावर सावलीत ठेवलं. कुणीतरी आपलं जादा खुरपं तिच्या हातात दिलं. मावशीनं ओळ दिली:

घोरायचा घरधनी गं, रात्रभर जागी केली
शांत झालं घर आता, झोप कुठं निघून गेली

रांगेनं उचलली. ती बाई आधी हसली. मग खुरपं मातीत तसंच रोवून, मोठ्यानं, गळा काढून रडायला लागली. तिला कुणी गप्प केलं नाही. रांगही थांबली नाही. कांद्यात गवत फार होतं.